तीन रांजणांचा रिपोर्ट

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत मी एकवीस वर्षं व्हेंडर क्वालिटी बघितली. म्हणजे बाहेरून बनून येणारे सुटे भाग तपासायचे, खराब निघाले की माल परत पाठवायचा आणि चूक कुठे झाली ते बनवणाऱ्याकडून लिहून घ्यायचं. भोसरीतले, तळवड्यातले छोटे कारखानदार माझ्या केबिनबाहेर बाकावर बसून राहायचे. मी बोलावल्यावर आत यायचे तेव्हा त्यांच्या हातात फाइल असायची आणि चेहऱ्यावर आधीच कबुली असायची. मला ते आवडायचं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण आवडायचं हे खरं आहे.

पन्नाशी ओलांडली आणि कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा मी ती घेतली. पहिला महिनाभर फोन येत राहिले, मग थांबले. निगडीच्या घरात सकाळी साडेसहाला तयार होऊन मी गॅलरीत बसायची आणि समोरून कंपन्यांच्या बस जाताना बघायची.

त्याच सुमारास दादानं मला बोलावलं.

आम्ही मूळचे मोशीचे. गावातली जमीन इमारतींखाली गेल्यावर दादानं चाकणच्या पुढं, भामा नदीच्या बाजूला पाच एकर घेतली आणि द्राक्षं लावली. आधी खायची, मग वाईनची. परवाना काढला, पत्र्याची शेड घातली, स्टीलच्या दोन टाक्या आणल्या. भावकीत बरीच कुजबुज झाली. वहिनीला तर एका लग्नात एक बाई तोंडावर म्हणाली, ‘तुम्ही दारू गाळता म्हणे.’ वहिनी म्हणाली, ‘गाळतो की. तुमच्याकडं चहा गाळत न्हाईत का?’ ती स्वतः थेंबही घेत नाही, पण कुठल्या टाकीत काय चाललंय ते वासावरून दादाच्या आधी सांगते.

एकदा दादाकडं परदेशातला एक द्राक्षबागायतदार आला होता. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांच्याकडं मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यात द्राक्षं सालीसकट टाकून वाईन करतात, हजारो वर्षांची पद्धत. मध्ये ती मोडली होती, आता काही घरं पुन्हा करायला लागली आहेत. दादाच्या डोक्यात ते बसलं. ‘आपल्याकडं जिमिनीतल्या पेवात धान्य पुरायचे का न्हाई?’ तो मला म्हणाला. ‘रांजणात पाणी गार राहायचं. माती तीच, जिमीन तीच. मग वाईन का न्हाई हुनार?’

पहिल्या वर्षी त्यानं रस्त्याकडेला मिळणाऱ्या कुंड्यांसारखी मोठी भांडी आणली. ती दोन महिन्यांत तडकली. मग कुणीतरी सांगितलं की चाकणच्या पलीकडे एका गावात एक म्हातारा कुंभार आहे, जुन्या काळी मंगल कार्यालयांना पाण्याचे रांजण करून द्यायचा.

कुंभारमामा सत्तरीला टेकलेले होते. लहानखुरे, पाठीला किंचित बाक, खांदे मात्र पैलवानासारखे. फ्रीज आल्यापासून त्यांनी मोठं भांडं घडवलं नव्हतं. पणत्या, सुगडी, उन्हाळ्यात माठ, एवढंच. दादानं विचारल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी स्वतः एसटीनं आले, शेड बघितली, खड्डे कुठं काढणार ते बघितलं आणि म्हणाले, ‘माझा बा करायचा. मी हाताखाली हुतो. बघू, हाताला याद हाय का.’

याद होती. पण सहज नाही आली. पहिले चार रांजण बसले. मी ते बघितलंय. कंबरेइतका उंच झालेला ओला रांजण एका बाजूनं मऊ पडत जातो आणि मग आपल्याच वजनानं खाली बसतो, एखादं माणूस चक्कर येऊन बसावं तसा. मामा माती गोळा करून पुन्हा मळायला घ्यायचे. आतून दगडी गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी फळीनं थापटायचं, रांजणाभोवती आपणच गोल फिरायचं. पाचवा उभा राहिला. मग एकामागून एक, पाच रांजण झाले. भट्टीतून निघाल्यावर ते गरम असतानाच मामांनी आतून मधमाश्यांचं मेण लावलं. त्यानं मातीची बारीक छिद्रं बुजतात. मग आठ दिवस पाणी भरून ठेवलं. एक थेंब पाझरला नाही. वाळूत गळ्यापर्यंत पुरून झाल्यावर मामा दादाला म्हणाले, ‘धुवायचं ते साध्या पान्यानं. दुसरं काय बी लावू नका. मेणाला सोसत न्हाई.’

मी तिथंच उभी होते. मी ते ऐकलं.

दादानं रांजणांचं सगळं काम माझ्याकडं दिलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ‘ही आमची ताई. कंपनीत क्वालिटी बघायची. आता हितं बघती.’ मी लहान असून तो मला ताईच म्हणतो. मी रांजणांना नंबर दिले, एक ते पाच. तापमानाचा तक्ता केला, धुण्याची पद्धत लिहून काढली आणि एक छोटी डायरी ठेवली. शेडमध्ये लोक माझं ऐकायला लागले. सकाळी साडेसहाला तयार होण्याला पुन्हा अर्थ आला.

हंगाम तोंडावर आला होता. दादा एका लग्नाला साताऱ्याकडं गेला होता. स्टीलच्या टाक्या आम्ही गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुतो, सगळेच धुतात. त्या सकाळी मला वाटलं, नुसत्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यात अडीचशे लिटर रस घालायचा म्हणजे काय? बुरशीचं काय? जंतूंचं काय? म्हाताऱ्या माणसाची समजूत ती, त्यावर हंगाम सोडायचा का? मी हातमोजे घातले, एक, दोन आणि तीन नंबरचे रांजण गरम कॉस्टिकच्या पाण्यानं भरले, अर्धा तास ठेवले, लांब दांड्याच्या ब्रशनं घासले आणि पंपानं पाणी उपसलं. पाणी दुधट आलं. वर चिकट साय होती. मला आनंद झाला. म्हटलं, बघा, किती घाण होती आत.

ते मेण होतं.

तिसरा रांजण झाला आणि कॉस्टिकचा कॅन संपला. चार आणि पाच उद्या करू म्हणून मी डायरीत तसं लिहिलं. तेवढ्यात वहिनी शेडच्या दारात आली. ‘साबणाचा वास कशाचा गं येतोय?’

‘फरशी धुतली,’ मी म्हणाले.

का खोटं बोलले? कारण खरं सांगितलं असतं तर ती ‘मामांनी नको म्हटलं हुतं ना’ असं म्हणाली असती आणि मला वाद नको होता. एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी अचानक ऊन वाढलं, द्राक्षं लवकर उतरवावी लागली आणि चार-पाच साध्या पाण्यानं धुऊनच भरले गेले.

सालीसकट ठेचलेली द्राक्षं रांजणात आंबायला लागली की चोथा वर येतो. तो दिवसातून तीनदा लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागतो. ते काम मी, दादा आणि वहिनी आळीपाळीनं करायचो. रांजणाच्या तोंडाशी कान नेला तर आत बारीक चरचर ऐकू यायची. दादा तर खुर्ची टाकून तिथं बसायचा. फसफस थांबल्यावर चोथा काढला, झाकणं बसवली, कडा ओल्या मातीनं लिंपल्या.

दीड महिन्यानं उघडून बघितलं. चार आणि पाच काठोकाठ होते. एक, दोन आणि तीनमध्ये वाईन हातभर खाली गेली होती. भोवतीची वाळू ओली, जांभळट. वर हवा साचली की वाईनचा व्हिनेगर होतो. तिन्ही रांजणांतून असा आंबूस भपका आला की दादा दोन पावलं मागं सरला. वहिनीनं वाकून वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. ‘गेली,’ म्हणाली.

दादा त्या दिवशी जेवला नाही. दोन वर्षांचं काम होतं ते. मी त्याला म्हणाले, ‘तू काळजी करू नकोस. मी मूळ कारण काढते.’

ही माझी भाषा होती. का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा विचारत जायचं. मी वाळू उकरून घेतली, रांजण बाहेरून तपासले, फोटो काढले. पाझर होता, म्हणजे भिंतीत छिद्रं. छिद्रं का? भाजणी कमी, माती एकसारखी नाही. भाजणी कमी का? भट्टीचं तापमान मोजायची सोय नाही. माती एकसारखी का नाही? हातानं मळलेली. आणि शेवटी, मोठ्या भांड्यांचा कारागिराचा सराव सुटलेला असल्यामुळे कौशल्य अपुरं. हे शेवटचं वाक्य माझ्या हातून आपोआप उमटलं. कंपनीत मी ते शेकडो वेळा लिहिलं किंवा लिहून घेतलं होतं. शब्द वेगळे असायचे, पण कारणांची साखळी नेहमी बनवणाऱ्या माणसाच्या हातापाशी येऊन थांबायची. आमच्या दारापर्यंत ती कधी आली नाही.

मामांना बोलावलं होतं त्याच्या आदल्या दुपारी मी निगडीच्या घरी रिपोर्ट पूर्ण करत होते. तारखा हव्या होत्या म्हणून डायरी उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘रांजण १, २, ३: कॉस्टिक वॉश, गरम, ३० मिनिटे. ४, ५: उद्या.’

मी ते पान किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. एक, दोन, तीन खराब; चार आणि पाच चांगले. कंपनीत एखाद्या नवख्या मुलीनंही एवढ्यावरून कारण सांगितलं असतं. दुधट पाणी आठवलं, ती साय आठवली. मी उठून कुकर बंद केला, भात जास्त शिजला होता.

मग मी स्वतःशी बोलायला लागले. अजून सिद्ध कुठं झालंय? कदाचित भाजणीही कमी असेल. दोन्ही कारणं असतील. आत्ता सांगितलं तर दादाचा हंगाम माझ्यामुळे गेला असं होईल. मग त्याची ताई क्वालिटी बघणारी राहील का? मी पुन्हा त्या गॅलरीत बसेन, बस मोजत. असं सगळं. संध्याकाळपर्यंत मी रिपोर्टच्या दोन प्रती छापल्या.

मामा मे महिन्याच्या उन्हात स्टॉपपासून चालत आले. पिशवीत भट्टीजवळच्या झाडाच्या कैऱ्या होत्या, त्या त्यांनी वहिनीच्या हातात दिल्या. मी टेबल लावलं होतं, समोर एक खुर्ची ठेवली होती. ते खुर्चीवर बसले नाहीत, शेडच्या खांबाशी उकिडवे बसले. म्हणजे मला खाली बघून बोलावं लागलं.

मी रिपोर्ट वाचला. सगळा. शेवटच्या वाक्यासकट.

त्यांनी वाळूकडं बघितलं. मग म्हणाले, ‘पर ताई, पानी तर धरलं हुतं न्हवं? आठ दिस भरून ठिवलं हुतं.’

बरोबर प्रश्न होता. त्या शेडमध्ये त्या दिवशी विचारला गेलेला तो एकमेव बरोबर प्रश्न. आणि माझ्याकडं त्याचं उत्तर होतं, डायरीत, माझ्या पर्समध्ये.

मी म्हणाले, ‘मामा, पाणी वेगळं आणि वाईन वेगळी. वाईन अॅसिडिक असते. पोरॉसिटी असेल तर पाण्याच्या टेस्टमध्ये दिसत नाही.’

ते शब्द त्यांना कळणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी ते वापरले.

‘आसंल,’ ते म्हणाले. ‘माती हाय. चुकलं आसंल.’

दादा खाली मान घालून होता. म्हणाला, ‘मामा, तुमच्यावर राग न्हाई. पर हे तीन घिऊन जा.’ वहिनी कैऱ्यांची पिशवी हातात धरून तशीच उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मी रिपोर्टची एक प्रत घडी करून मामांच्या हातात दिली. पद्धत असते तशी.

दोन दिवसांनी ते टेम्पो घेऊन आले. वर काढलेल्या रांजणांपैकी एकावर त्यांनी बोटाचं पेर वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. ‘वाजतोय तर खणखणीत,’ असं स्वतःशीच म्हणाले. मी चार हातांवर उभी होते. मी आत निघून गेले.

चार आणि पाच नंबरची वाईन चांगली निघाली. इतकी की पुण्याहून माणसं गाड्या करून यायला लागली. त्यांना शेड दाखवायचं काम माझ्याकडं होतं. मी सांगायची, गावातल्या जुन्या कुंभारकामाचं आम्ही पुनरुज्जीवन करतोय, पण पारंपरिक कारागिरीत सातत्य राखणं हे मोठं आव्हान असतं. लोक माना डोलवायचे. हे मी निदान वीसेक वेळा तरी बोलले असेन.

पावसाळा संपल्यावर दादानं पुढच्या हंगामासाठी मामांना फोन लावला. फोन बंद. मग तो गावी जाऊन आला. घराला कुलूप होतं, भट्टीत गवत उगवलं होतं.

दिवाळीच्या आधी वहिनी फराळाचं सामान घेऊन निगडीला माझ्याकडं आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चिवड्याचे पोहे चाळत होतो. ती म्हणाली, ‘कुंभारमामांना पोरानं थेरगावला नेलंय. चाक इकून टाकलं म्हणं त्यांनी. शेजारीण सांगत हुती. कुणी इचारलं की म्हनत्यात, माझा हात गेला.’

मी चाळत राहिले.

‘त्या दिवशी साबणाचा वास कशाचा हुता गं?’ वहिनीनं विचारलं. आवाज चढवला नाही. पोह्यांतला भुसा फुंकता फुंकता विचारलं.

मी सांगितलं. कॉस्टिक, दुधट पाणी, डायरी, कुकर, सगळं सांगितलं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. वहिनीनं चाळणी बाजूला ठेवली. मला वाटलं ती काही तरी बोलेल, शिव्या देईल, पाठीवर हात तरी ठेवेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. मग म्हणाली, ‘मला वाटलंच हुतं. मीबी गप ऱ्हायले. आधी त्यांना सांग जाऊन. तुझ्या दादाला मागनं.’

थेरगावला डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ते घर होतं. पत्ता वहिनीनंच काढून दिला. निगडीहून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. मी तो एकदा अर्ध्यातून परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मामांच्या सुनेनं दार उघडलं. मामा गॅलरीत स्टुलावर बसले होते. मला बघून उठले. ‘या ताई,’ म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

चहा यायच्या आत मी बोलून टाकलं. चहा घेतल्यावर सांगणं आणखी वाईट झालं असतं.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, ‘किती येळ ठिवलं हुतं?’

‘अर्धा तास.’

‘पानी गरम?’

‘हो. खूप.’

‘मग मेण ऱ्हातंय कशाला,’ ते म्हणाले. अगदी साधेपणानं, एखादा हिशेब जुळल्यासारखं. मग त्यांनी आतल्या खोलीकडं बघून मुलाला हाक मारली. त्याची दुसरी शिफ्ट होती, तो झोपेतून उठून आला. चाळिशीचा, चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये ऑपरेटर. ‘हिकडं बस,’ मामा त्याला म्हणाले. सुनेलाही बोलावलं. मग माझ्याकडं वळले. ‘ताई, आता पुन्यांदा सांगा. ह्यांच्या म्होरं.’

पहिल्यांदा सांगताना मी एका दमात सांगितलं होतं. दुसऱ्यांदा ते जमेना. ‘वेळ कमी होता’, ‘मला नीट कल्पना नव्हती’ असले शब्द मध्ये यायला लागले. मामांचा मुलगा डोळे चोळत ऐकत होता. मी ‘नीट कल्पना नव्हती’ म्हटल्यावर मामा म्हणाले, ‘कल्पना हुती. मी सांगितलं हुतं.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.’

मुलगा उठून आत गेला आणि कपाटातून घडी केलेला कागद घेऊन आला. माझा रिपोर्ट. ‘बाबांना वाचता येत नाही मॅडम,’ तो म्हणाला. ‘मीच वाचून दाखवला. तीन वेळा वाचायला लावला त्यांनी. मग तिन्ही रांजण घणानं फोडले. घण मीच आणून दिला, कारण मलाही वाटलं, झालं बाबांचं वय.’ त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘ही ओळ तुम्ही कशावरून लिहिली?’

मी ती ओळ पुन्हा वाचली.

‘आमच्याकडंपण येतो असा कागद. खाली लिहिलेलं असतं, ऑपरेटरचं स्किल कमी. मी म्हणतो, असेल बाबा, आपलंच चुकलं असेल. मला नेहमी वाटायचं की वर बसलेली माणसं काहीतरी मोजून हे लिहीत असतील.’

कंपनीतल्या एकवीस वर्षांत बाकावर बसलेल्या माणसांनी मला हे विचारलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, ‘काही मोजलं नव्हतं. सवयीनं लिहिलं.’

सून एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, ‘सहा महिने ह्यांनी साध्या पणत्या केल्या नाहीत. मी मातीचा गोळा आणून दिला तर म्हणाले, उचलून ठेव.’

मामांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. ‘नवा लिवून द्या.’

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी लिहिलं, रांजणांत दोष नव्हता. भाजणी आणि माती योग्य होती. कारागिरानं मनाई केलेली असताना मी ते कॉस्टिकनं धुतले आणि आतलं मेण काढून टाकलं. हे मला मेमध्येच कळलं होतं आणि मी लपवलं. खाली सही केली. मामांनी तो सुनेला वाचायला सांगितला. तिनं मोठ्यानं वाचला, शाळेतल्यासारखा. ‘लपवलं’ या शब्दापाशी ती थांबली, माझ्याकडं बघितलं आणि पुढं वाचलं. मामांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. चहा निवला होता. तो मी प्यायले.

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या.’ त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला आजही ठरवता येत नाही. दाराशी येऊन मात्र म्हणाले, ‘तुमच्या दादाला म्हनावं, रांजणांचं मी बघतो. नक्की सांगत न्हाई, बघतो.’

तिथून मी तशीच दादाकडं गेले. तो द्राक्षांच्या छाटणीत होता. उभ्या उभ्या ऐकलं त्यानं. कात्री खिशात घातली. ‘मी त्या मानसाला तुझ्या शब्दावर माघारी लावला,’ म्हणाला. ‘त्यानं कैऱ्या आणल्या हुत्या.’ आणि पुढच्या ओळीत निघून गेला. नंतर आठ-दहा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. वाईन गेली ते एका शब्दानं काढलं नाही, अजूनही काढत नाही. पाहुण्यांपुढं मात्र ‘ही आमची ताई, क्वालिटी बघती’ असं म्हणायचं त्यानं बंद केलं. आता नुसतं ‘ही माझी बहीण’ म्हणतो.

मामा संक्रांत झाल्यावर आले. मुलानं जुन्यातलं एक चाक कुठून तरी मिळवलं होतं. या वेळी त्यांनी गावच्या भट्टीपाशी काम केलं, दादा आणि वहिनी जाऊन येऊन होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. एकदा वहिनीबरोबर मी गेले आणि लांब, कुंपणापाशी उभी राहिले. मामा रांजणाभोवती थापटत फिरत होते, पण मागच्या खेपेसारखं सलग नाही. तीन-चार थाप्या घालायचे, थांबायचे, मागं होऊन बघायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे. आधी ते असं थांबत नसत. त्या दिवशीचा रांजण बसला. त्यांनी तो बसताना बघितला आणि पहिल्यासारखे लगेच मातीकडं वळले नाहीत. बराच वेळ हात धूत राहिले. तो रांजण माझ्यामुळे बसला असं मी म्हणू शकत नाही. मागच्या खेपेलाही चार बसले होते. पण त्यांच्या त्या थांबण्यात मी होते, एवढं मला कळत होतं.

शेवटी दोनच झाले. मेण त्यांनी लावलं, धुणं त्यांनीच केलं, साध्या पाण्यानं, आपल्या हातानं. या हंगामात ते दोन आणि जुने दोन असे चार रांजण भरले आहेत आणि वाईनची पातळी उतरलेली नाही. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, गाड्या लावायला जागा दाखवते. पाहुण्यांना शेड दाखवण्याचं काम वहिनी करते, आणि माझ्यापेक्षा बरं करते, कारण ती मोठे शब्द वापरत नाही.

महिन्यातून एकदा मामा रांजण बघायला येतात. तेव्हा मी शक्यतो समोर येत नाही, पण कधी गाठ पडतेच. गेल्या आठवड्यात ते झाडाखाली चहा पीत बसले होते. मी वळणावरून आले, मागं फिरायला जागा नव्हती. कप खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकून ते उठले, पहिल्यासारखेच. ‘या ताई,’ म्हणाले.

उठू नका, असं मला म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटेपर्यंत ते उभे राहिलेही होते.